उज्ज्वलाच्या चित्राखाली

दुपारी दुकानात बसलो होतो. गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम आता माझा भाचा बघतो, मी नुसता बसतो. तेवढ्यात पारोमिताचा फोन आला. पारोमिता ही माझ्या मुलीची, उज्ज्वलाची, प्रयोगशाळेतली मैत्रीण. मला मेशोमोशाय म्हणते, इथं बंगाल्यांत मैत्रिणीच्या बापाला तसंच म्हणतात. ‘मेशोमोशाय, तुम्ही एकटे आहात का?’ मी म्हटलं, ‘का गं, गर्दी जमवू?’ ती रडायलाच लागली... पुढं काही सांगायची गरज उरली नाही. आदल्या संध्याकाळी इस्पितळात भेटून आलो होतो. उज्ज्वला म्हणाली होती, ‘आबा, उद्या येताना माझा चष्मा आणा, छत नीट दिसत नाही.’ ‘छतात काय बघायचंय?’ ‘ओल आलीय. आकार बरा आहे.’ चष्मा माझ्या खिशातच राहिला. जन्मभर कर्करोगाच्या पेशी बघत बसलेली माझी पोर डेंग्यूनं गेली. डासानं नेली. यावर लोक हळहळतात, नशीब म्हणतात. मी म्हणतो, नशीब कसलं, गटार कुणी उपसलं नाही ते सांगा.

महिन्याभरानं तिच्या संस्थेनं सॉल्ट लेकला शोकसभा घेतली. ‘तिची संस्था’ ही माझ्या तोंडातली जुनी सवय. खरं तर त्यांनी तिला केव्हाच बाहेर काढलं होतं, पण मेल्यावर माणूस परत सगळ्यांचं होतं. मला पहिल्या रांगेत बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली. संचालकसाहेब इंग्रजीत बोलले. शेजारी पारोमिता हळूहळू हिंदीत सांगत होती, पण ‘हॉबी’ हा शब्द मला तिच्याशिवाय कळला. उज्ज्वलाला चित्रं काढायचा छान छंद होता म्हणे. आणि साहेबांच्या मागं, तिच्या हार घातलेल्या फोटोच्या मागं, भिंतभर फलकावर तिचंच चित्र छापलेलं... जांभळं, मधे केशरी, फुटून दोन व्हायच्या बेतात आलेली पेशी. ते चित्र मी चांगलं ओळखतो. आमच्या बेहालाच्या घरात जेवायच्या टेबलावर तिनं ते काढलं, आणि ते वाळेपर्यंत आम्ही दोघं खाली फरशीवर बसून जेवलो. तेच चित्र त्यांच्या इमारतीत लिफ्टसमोर काचेत लावलंय, खाली पितळी पट्टीवर संस्थेचं नाव. उज्ज्वलाचं नाही. शेवटी मला ‘दोन शब्द बोला’ म्हणाले. मी म्हटलं, बोलत नाही, लिहीन. मी चौथी शिकलेला माणूस, तेही गावाला, खानापूर तालुक्यात. शुद्धलेखन तेवढं सुधारा, बाकी हात लावू नका, असं संपादकांना सांगूनच हे लिहितोय.

छंद म्हणे. तिनं पहिलं असलं चित्र कधी काढलं ते सांगतो. तिची आई, मालन, मिश्री लावायची. आमच्याकडच्या बायका तंबाखू तव्यावर भाजून, कुटून दात घासतात, दिवसातून कितीही वेळा. मालनच्या गालात आतून काहीतरी झालं. दाढ आहे म्हणाली, लवंग धरली, मीठ-पाणी केलं. डॉक्टरकडं नेलं तर परक्या पुरुषापुढं तोंड उघडेना. बाई डॉक्टर बघितली, तर ती बंगालीत बोलते म्हणून उघडेना. उज्ज्वला तेव्हा शाळेत होती. तिनं आईला गॅलरीत उन्हात बसवलं, माझी दुकानातली बॅटरी घेतली, आईच्या गालात बघत बघत शाळेच्या कागदावर चित्र काढलं. पांढरा चट्टा कुठं आहे, कडा कशा, मधे लाल कुठं, सगळं. मालन ओरडत होती, ‘कार्टे, तोंड आहे का गुहा?’ पोर म्हणाली, ‘गप बस, हललीस की परत काढायला लागतंय.’ तो कागद घेऊन ती एकटी डॉक्टरकडं गेली. डॉक्टर म्हणाले, हे ज्याच्या तोंडात आहे त्याला आजच्या आज आणा. आणलं. पण तोवर उशीर झाला होता... मालन पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिली नाही. तर असा हा छंद.

पुढं ती शिकत गेली. आमच्या भावकीत पोरी दहावीला गेल्या की सोयरिकी सुरू. मी कुणाचं ऐकलं नाही, आणि तिनं माझंही ऐकलं नाही, म्हणून ती डॉक्टर झाली, पेशंट तपासणारी नव्हे, पेशींची. एकदा मी विचारलं, तू नक्की करतेस काय? म्हणाली, ‘चांगली पेशी कधी थांबायचं ते जाणते आबा. ही थांबायचं विसरते. का विसरते ते बघते.’ एवढं मला कळलं, आणि पुरलं. तिच्या वरचे साहेब म्हणायचे, दुर्बिणीतून फोटो निघतो, मग हातानं काढायचं कशाला? ती मला म्हणाली, ‘फोटोत सगळंच येतं, त्यामुळं काय बघायचं ते समजत नाही. मी काढते तेव्हा मला आधी समजून घ्यावं लागतं.’ त्याच साहेबांनी तिचं चित्र संस्थेच्या अहवालावर छापलं, लिफ्टसमोर टांगलं. तिनं नाव टाका म्हणून विचारलं, तर हे सगळ्यांचं काम आहे म्हणाले. परत विचारलं नाही तिनं. मी चिडलो, ‘भांड!’ तर म्हणाली, ‘भांडत बसले तर काम कधी करू?’ काही वर्षांनी प्रकल्प संपला, मुदत वाढवून दिली नाही. तेव्हा तिला ना भांडण मिळालं, ना काम.

मग ती चित्रं पिशवीत घालून हिंडायला लागली. शाळांतून, एस्प्लनेडच्या फेरीवाल्यांत, बेहालाच्या शिलाईच्या कारखान्यांतून. आणि मराठी मंडळातही गेली, ते मी विसरणार नाही. मंडळ आहे बदलीवर आलेल्या बँकेच्या, सरकारी साहेबलोकांचं. आम्ही गलाईवाले वर्गणीला चालतो, मांडवाच्या दारापर्यंत. तिथल्या हळदीकुंकवाला तिनं परवानगी काढून चित्रं लावली. बायका खूश! ‘अगंबाई, काय रंग आहेत! हे पदरावर काढून देशील का गं?’ अध्यक्षांच्या बाईंनी तर एकाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. उज्ज्वला म्हणाली, ‘काकू, ही गालाच्या कर्करोगाची पेशी आहे. इथं कुणी मिश्री लावतं का?’ सगळ्यांचे हात हळूहळू पदराकडं, पदर तोंडाकडं. अध्यक्ष आले, ‘सणासुदीला हे अशुभ कशाला, ताई? वाण वाटायच्या आधी उतरवून घ्या.’ उज्ज्वलानं उतरवली. वाण म्हणून मिळालेली प्लास्टिकची डबी घेऊन घरी आली. मी तोंड सोडलं, तेव्हा हसून म्हणाली, ‘आबा, जाताना दोघी जणी जिन्यात थांबल्या होत्या. म्हणाल्या, इथं बघ, कुणाला सांगू नकोस. मी बघितलं. जिन्यात.’ त्या दोघींतली एक आज जिवंत आहे ती त्यामुळं. शोकसभेला आली नव्हती. नवऱ्याला माहीत नाही म्हणे.

शोकसभेनंतर संचालकसाहेब स्वतः बेहालाला आले, सोबत मिठाईचा डबा. मेलेल्याच्या घरी संदेश, म्हणजे बंगाल्यांचे पेढे, कुणी आणतं का, ते त्यांनाच ठाऊक. तिच्या खोलीत चित्रं दोरीवर चिमट्यांनी लटकलेली होती, ती त्यांनी मागं हात बांधून बघितली. म्हणाले, ‘ही सगळी आम्हाला द्या. कायमचं दालन करू, दालनाला तिचं नाव देऊ.’

‘दालनाला नको. लिफ्टसमोरच्या चित्राखाली द्या.’

‘ते संस्थेचं काम आहे, बाबूजी. टीमनं केलेलं.’

‘ब्रश किती जणांनी धरला होता?’

साहेब हसले. मी हसलो नाही, तेव्हा त्यांनीही आवरतं घेतलं. डबा मी त्यांच्याच हातात परत दिला.

रात्री पारोमितानं फोनवर मला फैलावर घेतलं. ‘तुमच्या हट्टापायी ही चित्रं त्या खोलीत कुजतील, मेशोमोशाय. एका पावसाळ्यात बुरशी धरेल. तिला ती लोकांनी बघायला हवी होती. नावाचं तिला काही नव्हतं, तुम्हालाच आहे.’ खोटं बोलत नव्हती पोरगी, म्हणूनच जास्त राग आला. चित्रं दिली तर हजार माणसं बघतील, आणि उद्या एखाद्या दाराशी लागतील, खाली पितळी पट्टी, कुणा भलत्याचं नाव. नाही दिली तर नाव शाबूत, आणि कागदाला बुरशी. दोन दिवस धड जेवलो नाही. तिला नावाचं काही नव्हतं हे खरं असेल. पण मला आहे. ते नाव मी ठेवलंय तिचं, मालननं आणि मी, संस्थेनं नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानाची पाटी रंगवायचा काळा रंग घरी घेऊन आलो. एकेक चित्र दोरीवरून उतरवून टेबलावर घेतलं आणि प्रत्येकावर नाव लिहिलं, उज्ज्वला. मागं नाही, समोर, चित्रातच, पुसता किंवा कापता येणार नाही असं. अक्षर माझं वेडंवाकडं, दोनतीन ठिकाणी ओघळ आला. पारोमिता आली, एकेक चित्र उजेडात धरून बघितलं. ‘हे काय केलंत? खराब केलीत सगळी! आणि मराठीत? वाचणार कोण?’

‘ज्याला वाचायचंय तो विचारेल. आता घेऊन जा म्हणावं, सगळीच्या सगळी.’

संस्थेनं अजून काही कळवलेलं नाही. कळवतील, नाहीतर नाही. चित्रं तिच्या खोलीत आहेत, मी पंखा चालू ठेवतो. मला त्यातलं कधीच कळलं नाही, की या पेशीला डोकं कुठं, पाय कुठं, चित्र धरायचं कसं. तिला विचारायचं राहिलं, आणि आता इथं सांगणारं कुणी नाही... म्हणून मला वाटलं त्या बाजूला मी नाव लिहिलं. आता तीच खालची बाजू. कुणी उलटं टांगलंच, तर नाव वाचायला त्याला मान वाकवावी लागेल.