पदराच्या गाठीतली काजूची बी

दोन विधानांच्या मधल्या फटीत एखादा निष्कर्ष दडून बसला असेल, तर तो माझ्या आत्याच्या तावडीतून आजवर सुटलेला नाही. आणि जो निघतच नाही असा निष्कर्ष तिच्यादेखत कुणी काढला असेल, तर तो माणूसही सुटलेला नाही. आमच्या घराण्यात वाद घालणारे पुष्कळ होऊन गेले. वाद घालून कोर्टात गेलेले झाले, वाद घालून जेवण सोडलेले झाले, पण आपला वाद बरोबर आहे की नाही हे आधी तपासून मग तो घालणारं माणूस घराण्यात एकच, ते म्हणजे आत्या. कुणकेश्वरच्या अलीकडे समुद्राला लागून असलेल्या तिच्या गावात तिने आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे सारा गाव तिला ‘बाई’ म्हणतो. गावातल्या निम्म्या मिशांचे कान तिने पिळलेले आहेत.

तर्कशास्त्र तिच्या आयुष्यात आलं ते निवृत्तीनंतर, आणि तेही आमच्या चुकीने. माझी बायको तेव्हा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. मे महिन्यात आम्ही आत्याकडे राहायला गेलो आणि बायको तिचं बुद्धिमापन चाचणीचं जाडजूड पुस्तक तिथेच विसरून आली. आत्याने ते उघडलं तर समोर प्रश्न : ‘सर्व टेबले हत्ती आहेत. काही हत्ती पंखे आहेत. तर निष्कर्ष काय?’ आत्या संतापली. “ह्या कोणी लिवल्यान? तेका आधी हत्ती दाखवक व्हयो,” असं तिने मला फोनवर सुनावलं, जणू ते मीच लिहिलं होतं. पण प्रकरणाच्या डोक्यावर एक सूचना छापलेली होती : दिलेली विधाने वास्तवाशी विसंगत वाटली तरी ती खरी मानून चला. ही सूचना तिने तीनदा वाचली आणि तिचा राग मावळला. पुढे ती मला म्हणाली, “इतकी वर्सां मी पोरांक खरा काय ता शिकवलंय रे. खरा मानल्यार फुडे काय निघता, ता कधी बघूकच नाय.” त्या दिवसापासून ती रोज सकाळी चहानंतर दहा प्रश्न सोडवू लागली. टेबलं, हत्ती आणि पंखे यांच्यावरून बायकोने ‘काही टेबले पंखे आहेत’ असं उत्तर लिहून ठेवलं होतं. त्यावर आत्याने लाल शाईने फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘निष्कर्ष निघत नाही.’ बायको त्या परीक्षेत का नापास झाली हे आम्हाला असं घरबसल्या कळलं.

प्रश्न सोडवायची तिची पद्धत तिची स्वतःची होती. घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात ती रांगोळीने वर्तुळं काढायची. मोठं वर्तुळ परातीचं, मधलं ताटाचं, लहान पेल्याचं. ‘सर्व’ असेल तर एका वर्तुळाच्या पोटात दुसरं, ‘काही’ असेल तर एकमेकांना छेदणारी, ‘एकही नाही’ असेल तर दोघांमध्ये वीतभर अंतर. आणि प्रश्नात एखादी विशिष्ट व्यक्ती असली, तर तिच्यासाठी एक काजूची बी. बी नक्की कुठल्या वर्तुळात पडते हे ठरलं की आत्या ती टक्कन तिथे ठेवी आणि कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभी राही. गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पांढरी वर्तुळं आणि मधोमध ठेवलेली बी हे दृश्य येणाऱ्या-जाणाऱ्याला वेगळंच काहीतरी वाटायचं. पोस्टमन दोन महिने पत्रं कुंपणाला खोचून तिथूनच परत फिरत होता. शेवटी आत्याने त्याला हाताला धरून खळ्यात आणलं आणि ‘सर्व पोस्टमन सरकारी नोकर आहेत’ हे वर्तुळ त्याच्याकडूनच काढून घेतलं, तेव्हा त्याची भीती गेली.

तिच्या बोलण्याचीही एक गंमत होती. विधानं ती शुद्ध पुस्तकी मराठीत मांडायची आणि निष्कर्ष मालवणीत हाणायची. एकदा देवगडहून येताना रस्त्याकडेच्या एका दुकानात कुणी मुंबईकर आंब्याची पेटी घेत होते. पेटीवर ठळक अक्षरांत ‘देवगड हापूस’ असं छापलेलं होतं, तेव्हा प्रश्नच नाही, असं ते आपल्या पत्नीला सांगत होते. आत्या मधे पडली. “या दुकानातला सर्व देवगड हापूस अशा पेटीत असतो, हे मान्य. म्हणून अशा पेटीत असलेला सर्व आंबा देवगड हापूस असतो का?” मुंबईकर गडबडले. “नसता!” असं म्हणून आत्याने स्वतःच पेटी उघडली आणि एकेक आंबा हुंगायला घेतला. दुकानदार तिचाच माजी विद्यार्थी निघाला. त्याने बिचाऱ्याने मुकाट्याने दुसरी पेटी आणून दिली.

बसस्टँडवर तर तिला बघून कंट्रोलर खिडकीआड सरकायचे. आमची दुपारची गाडी कधी येईल म्हणून विचारलं की ते नेहमीप्रमाणे सांगत, “येईल, येईल.” आत्या चष्मा सावरून विचारायची, “येईल यात आज कुठे आहे?” हा प्रश्न पुढे तिचं पालुपद झाला. गवंडी काम करतो म्हणाला, भाचा पत्र पाठवतो म्हणाला, मी गणपतीला येतो म्हणालो, की तिचं ठरलेलं : “ह्यात आज खंय आसा?”

पण तिची खरी जुगलबंदी चालायची सुलग्नाशी. सुलग्ना म्हणजे शेजारच्या वाडीतली मासेवाली. सकाळी पाटी घेऊन खळ्यात आली की ती सवयीने म्हणायची, “सगळे बांगडे ताजे आसत, बाई.” आत्या एकेक बांगड्याचे कल्ले उघडून बघायची आणि नेमका एक मऊ पडलेला वर काढायची. “एक गावलो. तुझा ‘सगळे’ पडला. आता काय म्हणशीत?” सुलग्ना कपाळावर हात मारायची. चार-सहा महिन्यांत ती इतकी तयार झाली की साऱ्या गावात फिरताना ओरडू लागली, “काही बांगडे ताजे आसत गो!” तिचा धंदा बसायची वेळ आली, तेव्हा आत्यानेच तिला समजावलं की विकताना इतकं खरं बोलायची गरज नाही. सुलग्नाचा नवरा लहानपणी आत्याच्या वर्गात होता. छोट्या होडीवर दोघा गड्यांना घेऊन तो मासेमारीला जायचा.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता अचानक वारा सुटला आणि तीच होडी परत आली नाही. त्या सकाळी गावातून चार होड्या गेल्या होत्या. दोन दुपारीच परतल्या. एक उलटलेली सापडली. तिच्यावरची माणसं दुसऱ्यांनी उचलून आणली. चौथीचा पत्ता नव्हता. मी तेव्हा आत्याकडेच होतो. सुलग्ना आमच्या पायरीवर बसून नवऱ्याचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होती आणि फोनमधली बाई पुन्हा पुन्हा सांगत होती की तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. “बाई, भायर ‘आहे’ म्हणता ती,” सुलग्ना म्हणाली. “म्हणजे आसा मां तो खंय तरी?” मी आत्याकडे बघितलं. असल्या युक्तिवादावर एरवी ती तुटून पडली असती. ती फक्त “व्हय गो,” म्हणाली. इतका कच्चा तर्क तिने तपासल्याशिवाय सोडून दिलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरवाने देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला कळे, म्हणजे ओल्या फुलकळ्या, लावले आणि आज दिवस मावळायच्या आत होडी बंदराला लागणार असेल तर उजवा कौल दे, नसेल तर डावा, असं मागणं केलं. सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. बराच वेळ काही हललं नाही. मग डावीकडचा कळा पडला. बायकांनी एकदम हंबरडा फोडला. सुलग्ना रडलीसुद्धा नाही. तिचा हात आपसूक गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला, आणि तिची एक म्हातारी चुलतसासू तिच्या बांगड्यांना हात घालायला पुढे झाली.

“थांबा!” आत्या अशी ओरडली की अख्खं देऊळ चौथीचा वर्ग झालं. ती गुरवासमोर जाऊन उभी राहिली. “देवाला काय विचारलंत? शब्दाला शब्द सांगा.” गुरवाने चाचरत सांगितलं. “देव खोटं बोलतो का?” गुरव म्हणाला, “नाय बाई.” “म्हणजे होडी आज यायची नाही, हे खरं. पुढे?” आत्या सगळ्यांकडे वळली. “आज येवची नाय, इतक्याच देवान सांगल्यान. उद्याचा देवाक कोणी इचारल्यान? मेलो म्हणान कोणी इचारल्यान? देवान सांगूक नाय ता तुम्ही खंयसून काढलात? सोड गो तिचो हात!” म्हातारीने हात सोडला. गुरवाने घाबरत विचारलं, “मगे दुसरो कौल लावया काय, बाई?” आत्या म्हणाली, “नको. एक पुरे.”

घरी आल्यावर तिने खळ्यात वर्तुळं काढली. मोठं वर्तुळ गेलेल्या होड्यांचं, त्यात एक परतलेल्यांचं, एक बुडालेल्यांचं. काजूची बी मात्र तिने कुठेच ठेवली नाही. ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि दोन दिवस तशीच घेऊन वावरली. मी विचारलं, “आते, दुसरो कौल कित्याक लावूक दिलंस नाय?” तिने पदराची गाठ चाचपली. मग म्हणाली, “डावो पडलो असतो तर? दिलेला विधान खरा मानूक लागता रे.”

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला घरातला जुना लँडलाईन वाजला. सुलग्नाचा नवरा होता. होडीचं मशीन बंद पडून ते वाऱ्याबरोबर उत्तरेला वाहत गेले होते, एका ट्रॉलरने ओढून त्यांना विजयदुर्गाच्याही पलीकडच्या कुठल्याशा बंदराला लावलं होतं, आणि मोबाईल पाण्यात गेल्यावर त्याला जगातला एकच नंबर पाठ होता : चौथीत असताना बाईंनी फळ्यावर लिहून घोकून घेतलेला. आत्याने आधी त्याला दरडावून विचारलं, “तू तोच कशावरून?” त्याने लगेच तेराचा पाढा म्हणायला सुरुवात केली. तो अडखळला तो नेमका नेहमीच्या जागी. तिथे आत्याची खात्री पटली. रिसीव्हर तसाच लोंबकळत ठेवून ती अनवाणी शेजारच्या वाडीकडे धावत सुटली. “इलो गो सुलग्ना, तो इलो!” तो आलेला नव्हता. तो संध्याकाळी येणार होता. पण एवढा ढळढळीत चुकीचा निष्कर्ष इतक्या मोठ्याने ओरडताना आत्या मला फार आवडली. संध्याकाळी माणसं बघितल्यावरच तिने पदराची गाठ सोडली आणि बी परतलेल्यांच्या वर्तुळात ठेवली.

या मे महिन्यात गेलो तेव्हा आत्या बरीच थकलेली दिसली. गुडघ्यांमुळे आता तिला खळ्यात उतरता येत नाही. ती पडवीतल्या आरामखुर्चीत बसून समोरच्या लादीवर वाकून खडूने वर्तुळं काढते. त्या सकाळी तिथे दोनच वर्तुळं होती. बाहेरच्यात ‘मर्त्य’ लिहिलं होतं, आतल्यात ‘माणसे’. पुस्तकातलं हे पहिलंच उदाहरण, सगळ्यांत सोपं. तिने ते इतकी वर्षं सोडवायचं ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आत बी नव्हती.

“आते, बी खंय गो?” मी विचारलं.

तिने पदराचं टोक वर करून दाखवलं. गाठ पक्की बसलेली होती. “ही माझी.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “पण ह्यात निष्कर्ष निघता मगे.”

“निघता तर! दोनय विधाना खरी, निष्कर्षय खरो. ह्यात कायच चूक नाय.” ती चष्म्यावरून माझ्याकडे बघून हसली. “पण त्येच्यात आज खंय आसा?”

मी खाली पडलेला खडू उचलून तिच्या हातात दिला, आणि आत्याने पान उलटून पुढचा प्रश्न वाचायला घेतला.