चुलत सासऱ्यांचा लोडर

कुवेतमध्ये थंडी पडत नाही असं जो कुणी एकदा म्हणाला, त्याच्याशी माझे चुलत सासरे पुन्हा कधी बोलले नाहीत. आम्ही राहतो त्या खैतान भागात अशा माणसांची संख्या इतकी वाढली होती की कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दूध आणायचं तरी सासऱ्यांना तीन गल्ल्यांचा वळसा पडायचा. त्यांना स्वतःला थंडी वाजत होती असं नव्हे. ते डिसेंबरातही अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरत. त्यांना काळजी होती ती लोडरची.

हा लोडर चेनचा, म्हणजे टायरांऐवजी रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांवर चालणारा आणि पुढे माती भरायला भलीमोठी बकेट असलेला. सासरे मूळचे कुडाळकडचे. इथल्या एका बांधकाम कंपनीत त्यांनी बावीस वर्षं मशीन चालवलं, त्यातली शेवटची अकरा याच एका लोडरवर. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, ते आमच्याकडे जेवायला येत. मी बँकेत नोकरी करतो, डिझेल इंजिनाशी माझा काडीचा संबंध नाही. पण हिवाळ्यातल्या शुक्रवारी सुरमईचा पहिला घास तोंडात जायच्या आत मला त्याचं सगळं शास्त्र ऐकावं लागे. टाकी संध्याकाळीच काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या टाकीत गारठ्यानं आतल्या आत दव धरतं आणि डिझेलमध्ये पाणी होतं. सकाळी आधी फिल्टरखालची चावी सोडून ते पाणी काढायचं. मग इंजिन पंधरा मिनिटं हळू चालू ठेवायचं, बकेट सावकाश वरखाली करायची, म्हणजे थंडीनं दाट झालेलं तेल सुटतं. पाऊस झाला तर चेनमधला चिखल त्याच संध्याकाळी खरवडायचा, कारण तो सुकला की सिमेंट होतो. हे न करणारा माणूस त्यांच्या लेखी दरोडेखोर होता. एकदा आमच्या इमारतीखाली एका गृहस्थानं गार गाडी सुरू करून लगेच ॲक्सिलरेटर दाबला, तर सासरे ताटावरून उठून अनवाणी खाली गेले. ते परत आले तेव्हा आमटी निवली होती.

“माणूस उठता, तोंड धुता, चाय पिता, मगे कामाक लागता,” ते मला म्हणाले. “लोखंडान काय पाप केल्यान, जावयबापू?”

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या साइटवर नवा इंजिनियर आला. हैदराबादचा, कामसू, घड्याळाचा पक्का. सकाळी सहाला लोडर जागच्या जागी घुरघुरताना पाहून त्यानं विचारलं, “चाचा, मशीन चालू है तो काम क्यों बंद है?”

“काम चालू है,” सासरे म्हणाले. “गरम होना भी काम है.”

इंजिनियरला हे उत्तर उद्धट वाटलं. त्यानं मुदीरच्या, म्हणजे मोठ्या साहेबाच्या कानावर घातलं आणि आठवड्याभरात सासऱ्यांना लोडरवरून उतरवून गोदामाच्या दारात बसवलं. बावीस वर्षं बकेट उचलणाऱ्या माणसाला खुर्ची दिली! आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. त्या शुक्रवारी मीच इतका बोललो की बायको म्हणाली, “तुम्ही दोघं आळीपाळीनं रागवा. मला कुणाचंच ऐकू येत नाहीये.”

जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला. सासऱ्यांच्या जागी आलेल्या नव्या ऑपरेटरनं चिखलानं माखलेला लोडर तसाच उभा करून ठेवला. मग कडक ऊन पडलं आणि चिखल चेनच्या आतल्या चाकांमध्ये घट्ट बसला. गुरुवारी सकाळी त्यानं गार इंजिनावरच लोडर जोरात वळवला आणि डावी चेन चाकांवरून उतरली. शेजारी तळघरासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी शिरत होतं, कडेची माती ढासळत होती आणि बांध घालायला दुसरं मशीन नव्हतं.

शुक्रवारी सासरे आमच्याकडे आले ते सकाळी सातला, हातात पहार घेऊन. “गाडी काढा,” त्यांनी मला सांगितलं.

“काका, तुम्हाला कुणी बोलावलंय का?” बायकोनं विचारलं.

“मशीनीक बोलवूक येता काय?” ते म्हणाले.

साइटवर इंजिनियर खड्ड्याच्या काठाशी उभा होता. रात्रभर झोप झालेली दिसत नव्हती. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते कुशीवर आडवे झाले आणि चाकांतला चिखल पहारीनं फोडू लागले. पुढचे तीन तास ते बोलत होते. हिंदीत, मालवणीत, मधेच अरबीत. कुणाला उद्देशून ते सांगायची गरज नव्हती. चेन ताणून धरणारं ग्रीस सोडून त्यांनी ती ढिली केली, जॅक लावून लोडर उचलला, खाली जाड लाकडी ओंडके सारले. इंजिनियर आधी हाताची घडी घालून उभा होता. मग त्यानं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि पहारीचं दुसरं टोक धरलं. दुपारच्या सुमाराला चेन चाकांवर चढली.

सासऱ्यांनी वर चढून इंजिन सुरू केलं. इंजिनियरनं खड्ड्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं.

“पंद्रह मिनट,” सासरे म्हणाले.

तो एका पालथ्या पिंपावर बसून राहिला. अंधार पडायच्या आत बांध पुरा झाला आणि खड्डा वाचला. माफी त्यानं मागितली नाही. शनिवारी सकाळी गोदामाच्या दाराशी येऊन सासऱ्यांच्या हातात लोडरची किल्ली ठेवली, एवढंच.

मार्चमध्ये सासऱ्यांचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, संपला. वय झालं म्हणून कंपनीनं तो वाढवला नाही. आता हे आकाशपाताळ एक करणार म्हणून मी मनाची तयारी केली. त्यांनी मात्र त्याच नव्या ऑपरेटरला बोलावून घेतलं आणि आठ दिवस एकेक गोष्ट करून दाखवली. शेवटच्या दिवशी मी त्यांना आणायला साइटवर गेलो. सगळ्यांचा निरोप घेऊन ते गाडीत बसले, आणि मी निघणार तोच “थांबा जरा” म्हणून उतरले. लोडर काम करत होता. ते त्याच्यापासून वीसेक पावलांवर बराच वेळ उभे राहिले, मग परत आले.

“काही सांगायचं राहिलं होतं का?” मी विचारलं.

“नाय,” ते म्हणाले. “आयकत होतंय.”

खैतानपर्यंतच्या रस्त्यात दोघांनी आम्हाला चुकीच्या बाजूनं ओलांडलं, एकानं विनाकारण हॉर्न वाजवला. सासरे खिडकीबाहेर बघत बसले होते. ते कुणावरही रागावले नाहीत, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.