शेऱ्या आणि लाटांची राखण

आम्ही तिघं अमरावतीत चहाला बसलो की कुणीतरी पाँडिचेरीचा विषय काढतोच, आणि मग दोन कप जास्त जातात. बबन, सलीम आणि मी अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात एका बेंचवर होतो. आता बबनची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग आहे, सलीमचं अमरावतीत कापडाचं दुकान, आणि मी अकोल्यात बँकेत. मागच्या हिवाळ्यात सलीमच्या गाडीत तंबू टाकून समुद्र बघायला निघालो. माझा लॅब्रॅडॉर ब्रूनो सोबत होता. बबनचा कुत्रा शेऱ्या म्हणजे बागेचा राखणदार, पण बबनशिवाय तो जेवत नाही, म्हणून त्यालाही बसवलं. शेऱ्या परत आला तरच दार उघडेन, असं वहिनींनी निघताना बबनला बजावलं होतं.

*

वऱ्हाडी माणूस उघड्यावर मुक्कामाला गेला की कणकेचे जाडजूड रोडगे आलेच, आणि रोडगे गोवऱ्यांवरच भाजायचे. तिकडे मिळतील न मिळतील म्हणून बबनने पोतंभर गोवऱ्या गाडीच्या टपावर बांधल्या. किनाऱ्यावरच्या कॅम्पच्या मालकाने पोत्यात डोकावून विचारलं, कुत्र्यांची बिस्किटं का? सलीम गाडी चालवून इतका दमला होता की त्याने नुसती मान हलवली.

सकाळी बघतो तर त्या भल्या माणसाने दोन्ही कुत्र्यांपुढे ताटलीत एकेक गोवरी ठेवलेली. वर कोमट दूधही ओतलं होतं!

*

जुन्या फ्रेंच वस्तीत गाईड मनापासून इतिहास सांगत होता. पिवळ्या भिंती, उंच दारं, कोण गव्हर्नर कुठे राहायचा, सगळं. शेवटी काही विचारायचंय का म्हणाला. मी विचारलं, इथे नळ किती दिवसांआड येतो?

तो म्हणाला, रोज.

त्यानंतरची एकही इमारत मला आठवत नाही. बायकोला मी नळांचेच फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "घर पाहून ठेवा तिकडंच."

*

शेऱ्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. पहिली लाट आली तसा तो अंगावर धावून भुंकला. लाट मागे गेली. दुसरी आली, तीही गेली. सगळ्या आपणच हाकलल्या असं वाटून तो दुपारभर किनारा राखत बसला. ब्रूनो तेवढा वेळ गाडीखाली होता.

"मानधन मागंन आता हा," सलीम म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी बाजारात ढोल वाजले आणि शेऱ्या बिथरून पळाला. त्याला पट्ट्याची सवय नव्हती, बबनने कधी बांधलाच नव्हता. ऊन उतरेपर्यंत आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. बबन गप्प होता, आणि बबनला गप्प मी परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिलं नव्हतं.

कॅम्पवर आल्यावर बबनने गोवऱ्या रचल्या. "वारा गावाकडं जाऊन राहिला. धूर ओळखते शेऱ्या," एवढंच बोलला.

रोडगे भाजून झाले, वांग्याची भाजी झाली. कॅम्पच्या मालकालाही बोलावलं होतं. तो गोवऱ्यांकडे बघत बसला होता. बबनच्या घरी पहिला रोडगा शेऱ्याचा असतो, त्याच्याआधी कुणी घास घेत नाही. तुपात बुडवलेला रोडगा हातात धरून बबन वाटेकडे बघत राहिला. भाजी निवली.

अंधारायच्या सुमारास वाळूतून शेऱ्या लंगडत आला. बबन त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. आमचेही डोळे भरून आले.

शेऱ्याने रोडगा घेतला, पण खाल्ला नाही. बागेत पुरतो तसा ओल्या वाळूत पुरला आणि समुद्राकडे तोंड करून बसला. बसलेल्या आवाजात एकेक लाट हाकलत होता. मग एक मोठी लाट आली, वाळू उकरून रोडगा घेऊन गेली.

शेऱ्या भुंकायचा थांबला. त्याने मान वळवून बबनकडे पाहिलं.

"जाऊ दे बे," बबन म्हणाला, "कालपासून तूच समुद्राले उपाशी वापस पाठवून राहिला होता."