समुद्र न पाहिलेले बिराजदार सर

माझा मराठीचा तास आणि शेजारच्या वर्गात बिराजदार सरांची भरती-ओहोटी, असा योग आला की माझी कविता बुडालीच म्हणून समजा. समुद्रापासून लांब, मुरुम गावच्या आमच्या शाळेत सर भूगोल शिकवत. मुलांना गोल बसवायचे, ते समुद्राचं पाणी; एका मुलीच्या हातात पितळी ताट द्यायचे, तो चंद्र. चंद्र फिरू लागला की सर गरजायचे, "चंद्राकडची उठा! पाठीमागची बी उठा!" की धडाधड पोरं उठायची.

"पाठीमागची कशाला हो?" एकदा वैतागून मी विचारलं.

"बाई, चंद्र जवळचं पाणी जास्त ओढतो, मधल्या पृथ्वीला कमी, अन् पल्याडचं पाणी मागंच राहतंय. म्हणून दोन्हीकडं फुगवटा. दिसातनं दोनदा भरती!"

माझा रागच गेला.

एवढा हा माणूस, पण समुद्र पाहिलेला नव्हता. एका मुलीनं एकदा तोंडावरच विचारलं, "सर, तुम्ही बघितलंय का?" सर खोटं बोलले नाहीत. "न्हाय गं," म्हणाले, आणि त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही.

ते निवृत्त झाल्यावर आम्ही शिक्षक मंडळी गाडी करून कोकणात निघालो, ते खास त्यांच्यासाठी. सरांनी हट्टानं अमावास्या निवडली. "सूर्य-चंद्र एका रेषेत येऊन ओढतेत. पाणी लई लांब जातंय, अन् लई वर येतंय!"

दिवस उगवताना पोचलो, तर समोर नुसती वाळू. पाणी पार तिकडं, रेघेएवढं.

"अय्यो, हे तर आटलंय!" सरांच्या बायकोनं, वहिनींनी जाहीर केलं.

आम्ही तळी आटताना बघणारी माणसं. आमच्याकडं गेलेलं पाणी पावसाळ्याशिवाय परत येत नाही. सगळ्यांना ते पटलं. ड्रायव्हर तर दुसऱ्या किनाऱ्याला चला म्हणू लागला.

"येईल," सर एवढंच म्हणाले. मग हळूच माझ्याकडं वळून, "न्हाय आलं तर बाई, इतकी वर्षं पोरांना काय सांगत बसलो म्या?"

"नाश्ता झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही!" मी ठणकावलं. नदीच्या कोरड्या पात्रात मांडतो तशी आम्ही वाळूत, अगदी पुढं जाऊन, चूल मांडली. दमट लाकडं पेटवता पेटवता नाकीनऊ आले.

उप्पीट शिजत आलं आणि चुलीत चर्र झालं.

"आलं! आलं!" सर ओरडले. बघता बघता लाकडं तरंगली, पातेलं कलंडलं, वहिनींची एक चप्पल निघून गेली. बायका सरांच्या नावानं शंख करताहेत, आणि सर गुडघाभर पाण्यात उभे राहून हसताहेत. डोळ्यांतून मात्र धारा.

ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. पुढच्या गावी देवदर्शनाला उशीर होत होता. मी सरांचा हात धरून ओढला, "चला आता. आलं की तुमचं पाणी!"

"व्हय बाई, पण आत्ताच आलंय," सर म्हणाले. "एवढ्या लांबनं आलेल्या पाव्हण्याला दारात सोडून जातेत का?"

मी ड्रायव्हरला हातानंच गप्प बस म्हटलं, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी पाण्यात उभी राहिले.