जीपच्या हेडरचा रंग

आमच्या घरात जीप मी चालवते. नवऱ्याने एकदा शिकून पाहिलं, जीप थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात घातली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. तेव्हापासून जळगावच्या घरून असोद्याला केळीच्या शेतात जायचं असो की धुळ्याला माझ्या माहेरी, चालवणारी मीच.

जीप जुनी आहे. परवाच्या उन्हाळ्यात बॉनेट उघडलं, तर इंजिनातून धूर बाहेर नेणारे चार नळ गंजून गेले होते. गॅरेजवाले त्याला हेडर म्हणतात. बोट लावलं की पोपडे निघत होते. नळ फुटलेले नव्हते, पण असेच ठेवले असते तर फुटले असते.

गॅरेजवाल्याला म्हटलं, हे काढून घासा आणि उष्णता सोसणारा रंग मारून द्या.

"ताई, साहेबांना पाठवा. त्यांच्याशी बोलतो."

"साहेबांना हेडर कुठे असतं तेही माहीत नाही. माझ्याशी बोला."

"आतली वस्तू आहे ती. रंगवून काय करणार? कोण बघतंय?"

"मी बघते," म्हणाले आणि जीप घेऊन घरी आले.

त्याच दिवशी माझे मोठे दीर असोद्याहून आले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. मला सांगायचं असलं, तरी बघतात माझ्या नवऱ्याकडे. "भंगारात द्यायची वस्तू," ते नवऱ्याला म्हणाले, "तिला आता पावडर-लाली करणार का?" नवऱ्याने मान खाली घालून चहा बशीत ओतला. मी पान्ह्यांची पेटी काढली.

नट बसले होते घट्ट. त्यांच्यावर डिझेल ओतून ठेवलं, वाट पाहिली, मग अख्खं अंग टाकून एकेक सोडवला. बोटांची सालं निघाली. हेडर अंगणात घेऊन वरवर घासलं आणि हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी रंग आणला. "सगळ्यावर चालतो," दुकानदार म्हणाला होता. मी विश्वास ठेवला. हेडर बसवून जीप सुरू केली आणि थोड्याच वेळात अंगण धुराने भरलं. रंगाला फोड आले, करपून तो खाली गळायला लागला. पलीकडचे काका बादलीभर पाणी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, जीप पेटली.

ही बातमी असोद्याला पोचली. पुढच्या वेळी शेतात गेले तर भाऊ नवऱ्याला म्हणाले, "झाली हौस? आता जीपला गिऱ्हाईक बघतो."

"बघू नका," मी म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्यासमोर मी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. पण नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

धुळ्याला फोन केला. माझे वडील, आबा, आता थकले आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून सगळं दोनदा सांगावं लागलं. ऐकून म्हणाले, "मंग? पुन्हा कर. तुले जमी. कोणले बी इचारू नको."

या वेळी गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून हेडरसाठीचाच स्प्रे मागून घेतला. डब्यावर काय लिहिलंय ते चष्मा लावून नीट वाचलं. मग पुन्हा नट, पुन्हा डिझेल. वायरच्या ब्रशने जुना रंग आणि गंज खरवडत राहिले, उघडं लोखंड दिसेपर्यंत. पॉलिश पेपर फिरवला, थिनरने पुसलं आणि त्यानंतर हातमोज्याशिवाय हात लावला नाही, कारण हाताचं तेल लागलं तरी रंग सुटतो. इंजिनाला टेकणाऱ्या कडांवर चिकटपट्टी लावली. हेडर पेरूच्या फांदीला तारेने टांगलं आणि काळा रंग पातळ पातळ फवारला. एक हात सुकला की दुसरा. चिडून जाड थर मारावासा वाटत होता, पण मारला नाही.

बसवताना हेडर आणि इंजिनाच्या मधलं पॅकिंग नवं टाकलं. इंजिन थोडा वेळ चालवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग जरा जास्त वेळ चालवायचं. हा रंग असाच तापत तापत पक्का होतो. काकांना आधीच सांगून आले, "धूर निघेल, बादली आणू नका." तरी ते आले, रिकाम्या हाताने, आणि धूर विरेपर्यंत माझ्याबरोबर उभे राहिले.

रंग सुटला नाही. चारही नळ काळेभोर आणि कोरडे. मी बॉनेट उघडंच ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

भाऊ आले तेव्हा वाकून बराच वेळ बघत होते. मग नवऱ्याला विचारलं, "टिकेल का?"

उत्तर मीच दिलं. "उडाला तर परत मारीन."

आणि उडालाच थोडा, पावसाळ्यानंतर, इंजिनाजवळच्या एका वाकणावर. मी हेडर उतरवलं, तेवढा भाग घासला आणि परत मारला. जीप विकायचा विषय अजून निघतो. बोलणारे नवऱ्याकडे बघून बोलतात. मी ऐकून घेते आणि शेताकडे निघते. केळीच्या घडांना या आठवड्यात पिशव्या घालायच्या आहेत आणि तिथवर मजूर बायकांना न्यायला दुसरं वाहन आमच्याकडे नाही.