काबरीच्या पायाचे सात वेढे

आदिमाये, जगदंबे, जिच्या अंगणात हत्तीही लेकरू आणि चिमणीही लेकरू, त्या तुझ्या चरणांवर आधी मस्तक ठेवतो. पाय देणारी तू. रांगत्या बाळाला उभे करणारी तू. थकल्या जिवाला टेकण्यापुरती सावली देणारीही तूच. आज मला एका पायाची कथा सांगायची आहे. तो पाय राजाचा नाही, साधूचा नाही. एका म्हाताऱ्या कोंबडीचा आहे. सांगताना माझ्या शब्दाने कोणाच्या जखमेची खपली निघू नये, एवढे सांभाळ.

सापगाव मागे टाकून भातसा नदीच्या काठाने चालत गेले की आठ-दहा घरांचा एक पाडा लागतो. तिथे धर्मा कुणब्याची बायको सुंदरा राहत असे. ठेंगणी, सावळी, बोलायला लागली की थांबू नये अशी; पण तिचे बहुतेक बोलणे माणसांशी नव्हेच. नांगराच्या बैलाला ती रागावे, भोपळीच्या वेलाची समजूत घाले, आणि काबरीशी तर घरच्या थोरलीशी बोलावे तसे सल्ला विचारत बोले. काबरी म्हणजे तिची ठिपक्यांची कोंबडी. या दोघींच्या मध्ये एक दोरा होता, आणि सारे दुःख त्या दोऱ्यातूनच आले.

सन एकोणीसशे छत्तीसच्या भाद्रपदात धर्माला हिवताप भरला. अंगावर तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत. सुंदराने नुकत्या मोठ्या झालेल्या काबरीला हातात धरले, गावदेवीच्या दिशेने तोंड केले आणि म्हणाली, "माझं माणूस उठव गो माये, ही तुला देईन." आमच्या या मुलखात नवसाच्या पक्ष्याच्या पायाला हळदीने पिवळा केलेला दोरा बांधतात. चैत्री पुनवेच्या जत्रेला देणे झाले नाही, तर देवीपाशी मुदत मागायची आणि त्याच दोऱ्यावर आणखी एक वेढा घालायचा. नवस फिटेपर्यंत तो दोरा तोडायचा नाही, अशी चाल.

धर्मा उठला. चैत्र आला, तेव्हा काबरी अकरा अंड्यांवर बसलेली. उबेवरची आई उठवावी कशी? एक वेढा पडला. पुढच्या वर्षी पिल्ले लहान, दुसरा वेढा. मग एकदा तिने दारात आलेल्या सापावर कल्ला करून घर जागे केले होते, म्हणून तिसरा. त्यापुढे कारणच उरले नाही, तरी वेढा पडतच गेला. धर्मा हसे, "देवीपरीस तुझाच नवस मोठा दिसतो गो!" सुंदरा म्हणे, "देवीला काय घाई? तिच्याकडं सगळा काळ हाय." नवस बोलतानाचा मूळ वेढा धरून सात वेढे झाले. सज्जनहो, प्रेम अशीच मुदत मागत असते, आणि मुदत मागताना आपण कोणाच्या पायाला काय बांधतो आहोत, ते प्रेमाला दिसत नसते.

त्रेचाळीसच्या पौषात काबरीने डालग्यात, आपल्या रात्रीच्या टोपलीत, चढायचे सोडले. उजव्या पायाचा सांधा सुजून लिंबाएवढा झाला. सारा भार डाव्यावर पडून तोही वाकू लागला. सकाळी इतर कोंबड्या कणीकडे धावत. ही पंख टेकून, छाती घासत यायची, आणि येईपर्यंत जमीन स्वच्छ झालेली असायची. त्याच आठवड्यात धर्माला पुन्हा हिवताप भरला. लढाईचे दिवस, हिवतापावरचे कोयनेल शोधून मिळत नव्हते.

थोरली जाऊ जनाबाई, मुरबाडकडची, जिभेची तिखट. ओसरीवर उभी राहून म्हणाली, "बघ सुंदरे, देवीनं कोंबडीचा पाय धरलाय. आता माणसाचा धरल. सात वरसं फशिवलंस तिला."

"जाऊबाय, भरल्या घरात असं बोलू नको."

"मी नाय बोलत. तो पाय बोलतोय."

सुंदरा धावत देवीच्या भगताकडे गेली. चांगो भगत म्हातारा, थोडक्यात बोलणारा. म्हणाला, "देवीला लंगडं चालत नाय. पुनवंपर्यंत बरी कर, मग आण."

आता पाहा, या बाईपुढे काय वाढून ठेवले होते! पाय बरा झाला तर काबरी जाणार. न झाला तर धर्मा जाईल, असे तिचे मन तिला सांगत होते. ज्या हाताने शेकायचे, त्याच हाताने सुरीकडे न्यायचे. तरीही तिने शेकले. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधला. पायावरच्या खरबरीत खवल्यांना करंजाचे तेल लावले. डालग्याच्या तळाशी भाताचा मऊ पेंढा घातला, पाणी चोचीजवळ ठेवले, इतर कोंबड्यांना हाकलून हातावर कणी भरवली. उन्हे आली की काबरीला कडेवर घेऊन अंगणात बसवी, उन्हे सरली की आत आणी. एका बाजूला तापलेला नवरा, दुसऱ्या बाजूला सुजलेली कोंबडी. एका फडक्याच्या दोन चिंध्या, एक कपाळाला, एक पायाला.

दहाव्या-अकराव्या दिवशी तेलाने खवले मऊ झाले. उन्हात पाय चोळताना तिच्या बोटाला सांध्याच्या वर एक खाच लागली. तिने पाय डोळ्यांशी नेला. दोरा कुठे दिसेना. तो कातडीत रुतला होता. दर पावसाळ्यात चिखलाने भिजायचा, आवळायचा. त्यावर नवा वेढा, पुन्हा चिखल, पुन्हा आवळणे. पाय म्हातारपणी जाड होत गेला आणि दोरा आत, आत, आत गेला. काबरीची बोटे थंडगार पडली होती.

सुंदराला जनाबाईचे बोल आठवले. देवीने पाय धरला नव्हता. धरला होता तो तिनेच.

दोन दिवस तिने कोणाला सांगितले नाही. दोरा तोडावा, तर नवस मोडतो आणि नवऱ्याच्या जिवावर येते. न तोडावा, तर पाय झडून जातो. तिसऱ्या दिवशी, ताप उतरलेल्या घटकेला, धर्माने अंथरुणावरून विचारले, "आज कोंबडीशी बोलत नाय तू. भांडलात काय?"

तेव्हा ती रडली आणि सारे बोलली. धर्माने काबरीचा पाय जवळ घेऊन पाहिला. मग म्हणाला, "वस्तरा आण."

"अवं, काय बोलता! तुमच्या जिवाचा दोरा तो."

"माझ्या जिवाचा, तर माझ्याच हातानं तुटू दे. देवीनं इचारलं तर माझं नाव सांग. मला उठता येत नाय म्हंजी काय होतं, ते मला ठावं हाय. त्या मुक्या जिवाला कशाला?"

सुंदराने काबरीला मांडीवर उताणे धरले. तापाने धर्माच्या हातात बळ उरले नव्हते, म्हणून मनगटाला तिने आपल्या दुसऱ्या हाताचा आधार दिला. बाभळीच्या काट्याने एक एक वेढा उचलायचा आणि पात्याने हळूच कापायचा. काबरी दोनदा किंचाळली, मग गप्प राहिली. सात वेढे निघाले. पिवळेपण कुठेच नव्हते, काळे, चिखलाने कडक झालेले. सुंदराने ते पदराच्या टोकाला बांधले. जखमेत हळद भरली.

दुसऱ्याच दिवशी धर्माला पूर्वीपेक्षा मोठी थंडी भरली. दोरा तोडल्याचे जनाबाईला कळले तेव्हा ती ओरडलीही नाही, नुसती म्हणाली, "आता मी काय बोलू गो?" ते न बोलणे सुंदराला अधिक झोंबले. माघ गेला, फाल्गुन गेला. ताप येई, जाई. सूज उतरे, पुन्हा भरे.

चैत्री पुनवेला ती काबरीला काखेत घेऊन देवीपुढे उभी राहिली. पाडा सारा जमलेला. चांगोने काबरीला खाली ठेवले. ती चालली, पण लंगडत. सांधा कायमचा आखडला होता. चांगोने मान हलवली. "दुसरी दे."

"दुसरी मी बोललेच नव्हते, चांगोबाबा," सुंदरा म्हणाली. पदराची गाठ सोडून तिने ते काळे तुकडे देवीच्या पायरीवर ठेवले, आणि साऱ्या गावासमोर मोठ्याने बोलली, "माये, हिला तू नाय लंगडी केली. मी केली. द्यायला जीव होत नव्हता, म्हनून दर साली एक वेढा मारला. तोडला तो बी नवस फिटायच्या आधी. शिक्षा मला कर. तापलेल्याला नको, लंगडीला नको."

चांगोने पायरीवर मूठभर तांदूळ टाकले. पक्ष्याने टिपले तर देवीने घेतला, न टिपले तर नाकारला, असा कौल. काबरी उभी राहिली. सुंदराने डोळे मिटले. मग ती म्हातारी, एक पाय ओढत, पायरीशी गेली आणि दाणे टिपू लागली.

"घेतली देवीनं," चांगो म्हणाला. सुंदराचा हात तोंडावर गेला. चांगोने सुरी मात्र उचलली नाही. काळ्या तुकड्यांकडे पाहत तो थांबला. "पण लंगड्याला इथं सुरी लागत नाय. आजपासून ही देवीची कोंबडी. आन् जिनं बांधली, तिनंच सांभाळायची. मरंपर्यंत."

जनाबाई पुढे आली, काबरीला उचलले आणि जावेच्या काखेत दिले. "घे. नीट धर. देवीची हाय ती."

ही क्षमा होती की शिक्षा, ते सुंदराला कधी उमजले नाही, मलाही नाही. धर्माचा ताप त्या वैशाखात गेला आणि आषाढात परत आला. प्रत्येक थंडीला ती आधी त्याचे कपाळ चाचपी, मग काबरीचा पाय. देवीची ठेव म्हणून तिने काबरीला दोन पावसाळे तसेच शेकले, तसेच भरवले. एका थंडीच्या सकाळी काबरी पेंढ्यातच मान टाकून निजली होती. धर्मा मात्र तिच्यामागेही राहिला. अशक्त, पण अंगणात काठी टेकून फिरणारा.

पुढे त्या घरात नातू जन्मला. बाराव्या दिवशी जनाबाईने काळा दोरा आणला, तेव्हा सुंदराने तो बाळाच्या मनगटाला बांधला. आधी आपली दोन बोटे आत घातली, मग गाठ मारली. पंधरा दिवसांनी सोडून पुन्हा सैल बांधला. तेल लावताना दर वेळी ती खाच शोधी. ती भीती तिच्या बोटांतून शेवटपर्यंत गेली नाही.

जगदंबे, त्या बोटांवर तुझी कृपा असो. सुंदराच्या काळजातली खाच तुझ्या पदराने भरून येवो. धर्माच्या काठीला तुझा आधार मिळो. जनाबाईच्या तिखट जिभेवर तशीच माया राहो. त्या घरातले डालगे कधी रिते न होवो. आणि त्या उंबऱ्याच्या आत जे जे म्हणून प्रेमाने बांधले जाईल, त्यात दोन बोटांची जागा तू स्वतः राखत जा, माये.