सुई, खांदा आणि कोलंबी

मंडळी, मी सुईला किती घाबरते हे तुम्हाला माहीत आहेच. तरी आज सकाळी ड्राय नीडलिंग करून आले!

महिनाभर उजवा खांदा आखडला होता. उरण नाक्याजवळच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "स्नायूत गाठ आहे. बारीक सुई घालून सैल करू. औषध वगैरे काही नसतं त्यात."

मी पालथी पडून देवाचं नाव घेत होते. तेवढ्यात पडद्यापलीकडच्या खाटेवरून एक बाई हळूच म्हणाली, "घाबरू नको बाय. जित्ता मासा उडतो ना, तसं मांस एकदा उडतं. मग शांत."

सुई गेली. खांदा अगदी तस्साच उडाला आणि हळूहळू सैल पडला.

आभार मानायला पडदा सरकवला, तर आमची नेहमीची कोळीणमावशी! कोपराखाली चार सुया. बाजारात एवढा खणखणीत आवाज, इथे ओळखूच आला नाही.

"मावशी, तुम्हाला काय झालं?"

"कोलंबी सोलून सोलून हात धरला. मॅडम बोलली, पंधरा दिस सोलू नको." मग हसली. "पन तुमाला नाय कसं म्हनू?"

दर रविवारी "मावशी, सोलून द्या" म्हणून मी मोबाईल बघत उभी असते.

या रविवारी कोलंबी सालासकट घरी येणार. नवऱ्याला सांगून ठेवलंय. माझा खांदा आता मोकळा आहे, त्यामुळे सबबही नाही.

तुमच्याकडची कोलंबी कोण सोलतं?